पेटीतल्या बाळाची आई



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून अपुऱ्या दिवसांचे बाळ ठाण्याला किंवा मुंबईला हलवले की आईबापांना वाटते, आता सारे डॉक्टरांच्या हाती. आपण फक्त काचेच्या पेटीकडे पाहत बसायचे. तसे नाही.

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे एकत्र जमायला साधारण ३४ वा आठवडा यावा लागतो. तोवर दूध नळीने देतात. म्हणून आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढावे. नाहीतर ते आटते. पहिला चीक थेंबभर असला तरी टाकू नये. तो बाळाचे जंतुसंसर्गापासून रक्षण करतो. या दुधाचे मोल ओळखून मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली.

दुसरे औषध म्हणजे आईची ऊब. डॉक्टरांना विचारून, हात धुऊन, बाळाला उघड्या छातीवर घ्यावे. बापानेही घ्यावे. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांतील २०२१ च्या अभ्यासात ही पद्धत जन्मतःच सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यू, प्रकृती स्थिरावल्यावर सुरू केलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी आढळले.

पण त्यासाठी आई तिथे राहायला हवी. मग घरची थोरली मुले कोण सांभाळणार? इथे आपले काम सुरू होते. ‘सातव्या महिन्यातले जगेल का?’ असे विचारू नका. त्या घरी भाकरी पोचवा, मुलांना शाळेत धाडा आणि आईला सांगा, “तू बाळाजवळ राहा, घर आम्ही पाहतो.”