फोर बाय फोर घ्यायची आहे? आधी गाडीखाली वाका

जुनी फोर बाय फोर गाडी विकणारा एक गोष्ट हमखास दाखवतो, ती म्हणजे डॅशबोर्डवरचा दिवा. बटण फिरवलं की दिवा लागतो. "बघा, फोर व्हील चालू आहे," असं म्हणून तो लगेच सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमकडे वळतो. त्या दिव्याचा अर्थ एवढाच असतो की गाडीने आज्ञा ऐकली. पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचते आहे की नाही, हे तो सांगत नाही.

आमचा व्यवसाय सौर कृषिपंप बसवण्याचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा. राहणं पुण्यात आणि कामं वेल्हे, मुळशी, भोर या पट्ट्यात. डांबरी रस्ता संपल्यावर शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा खरा कामाचा, आणि पाऊस सुरू झाला की नेमका तोच बंद होतो. कंट्रोलर बिघडला की शेतकरी वाट बघत असतो, म्हणून माझ्या भागीदाराने एका उन्हाळ्यात शहरातल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून एक डिझेल एसयूव्ही घेतली. रंग चकचकीत, टायर नवे, इंजिनाचा आवाज गोड, आणि बटण फिरवलं की दिवा लागायचा.

पहिला जोरदार पाऊस झाल्यावर आम्ही दोघं केळदच्या बाजूला गेलो होतो. भातखाचराच्या बांधालगत एक छोटा चढ होता, गावातली जीप रोज चढते तसला. भागीदाराने फोर व्हील लावलं, दिवा लागला, गाडी अर्ध्यावर गेली आणि थांबली. मी खाली उतरून बाजूला उभा राहिलो आणि त्याला हळूच रेस द्यायला सांगितली. मागचं डावं चाक गरगर फिरत चिखल उडवत होतं. पुढची दोन्ही चाकं जागची हलत नव्हती. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली आणि दुसऱ्या दिवशी नसरापूरच्या मेस्त्रींकडे नेली. ते खाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "दादा, तुम्हीच वाकून बघा. पुढचा शाफ्टच नाही."

ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून पुढच्या डिफरन्शियलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कुणीतरी काढून ठेवला होता. जिथे तो जोडतात त्या फ्लँजवर चिखल वाळून दगड झाला होता, म्हणजे काम जुनंच होतं. असं का करतात, तेही मेस्त्रींनी सांगितलं. ट्रान्सफर केसची चेन सैल होते, शाफ्टचे क्रॉस झिजतात, गाडी आवाज करू लागते. दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. शाफ्ट काढला की आवाज बंद, आणि मागच्या चाकांवर गाडी डांबरी रस्त्यावर उत्तम पळते. व्यापाऱ्याकडे गेलो तर त्याने पावतीवरची ओळ दाखवली, "वाहन जसे आहे तसे". त्यापुढे बोलणंच खुंटलं.

नंतर मी स्वतःसाठी गाडी शोधायला निघालो, तेव्हा शोधाची सुरुवात गाडीखालून केली. तुम्हीही तेच करावं, यासाठी हे लिहितो आहे.

पण त्याआधी एक प्रश्न. तुम्हाला फोर बाय फोर खरंच लागते का? मागच्या चाकांवर चालणारी साधी बोलेरो, चांगले टायर आणि शांत पाय एवढ्यावर आपल्याकडचे बहुतेक कच्चे रस्ते निघतात. चढावर वजन मागे सरकतं. त्यामुळे पुढच्या चाकांवर चालणारी कार घसरते आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी टिकून राहते. वर्षातून दोन-चार वेळाच चिखल लागणार असेल, तर ट्रॅक्टरवाल्याला पैसे देणं स्वस्त पडतं. पावसाळाभर रोज शेतात उतरायचं असेल, मागे सामान असेल, ओल्या मातीच्या उतारावरून खाली यायचं असेल, तरच या जास्तीच्या यंत्रणेचा, तिच्या वजनाचा आणि तिच्या तेल-पाण्याचा खर्च वसूल होतो. उताराचं मुद्दाम म्हणतो. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक चांगले लागत नाहीत. उतारावर उपयोगी पडतो तो लो रेंजचा छोटा गिअर, जो गाडीला इंजिनावर रोखून धरतो. तो गिअर आहे का, हे विचारायलाच हवं. कारण सगळ्या गाड्यांत तो नसतो.

इथे दोन जाती ओळखून घ्या. जिप्सी, थार, स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, गुरखा यांच्या फोर बाय फोर गाड्यांत लो रेंज मिळतो, आणि बहुतेकींचं फोर व्हील गरजेपुरतं लावायचं असतं. अशा गाडीच्या पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही. ताण शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो, टायर घासतात आणि लीव्हर अडकतो. म्हणून शहरात फोर व्हील लावून फिरवलेली गाडी ही नादुरुस्तीच्या वाटेवरची गाडी समजा. डस्टर एडब्ल्यूडीची रीत वेगळी. तिच्यात ऑटो ठेवलं की गरज पडेल तशी मागच्या चाकांना ताकद जाते, डांबरावर चालकाला काही करावं लागत नाही. लो रेंज मात्र नाही. पहिला गिअर बराच छोटा दिलेला आहे, त्यावर चिखल आणि साधे चढ निघतात.

आता तपासणी. चाचणीसाठी डांबरी रस्ता नको, मातीचं किंवा खडीचं मैदान मागा. फोर हाय लावून सरळ चालवा, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. गरजेपुरत्या फोर व्हीलची गाडी असेल तर ती अडखळली पाहिजे, वळायला कुरकुरली पाहिजे. अलगद वळली तर पुढची बाजू जोडलेलीच नाही अशी शंका घ्या. मग गाडी थांबवा, न्यूट्रलमध्ये लो रेंज लावा आणि पहिल्या गिअरवर, अॅक्सिलरेटरला पाय न लावता सोडा. गाडी मुंगीच्या पावलाने पण ठामपणे पुढे गेली पाहिजे. लो रेंजमधून बाहेर यायला त्रास होतो का, तेही बघा. यानंतर गाडी रॅम्पवर चढवा. चारही चाकं अधांतरी ठेवून फोर व्हील लावलं की पुढचा शाफ्ट फिरताना डोळ्यांनी दिसतो. या तपासणीला नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो.

रॅम्पवर असतानाच मेस्त्रींना पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं थोडं थोडं तेल काढायला सांगा. मी पाहिलेल्या एका गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधून दुधाच्या चहासारखं तेल आलं. म्हणजे आत पाणी शिरलं होतं, ओढ्यात गाडी घातली होती आणि नंतर तेल बदललं नव्हतं. अशा तेलात बेअरिंग आणि दात्यांचं आयुष्य संपतं. काढलेलं तेल बोटांत चोळून बघा. बारीक चमचमणारी भुकटी थोडीफार चालते, टोचणारा कण चालत नाही. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या अॅक्सलचे रबरी बूट फाटलेले आहेत का, शाफ्टचे क्रॉस हाताने हलवले तर खेळ आहे का, चासीवर वेल्डिंगच्या खुणा किंवा ताजा काळा रंग आहे का, हेही बघून घ्या. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीची चासी आतून गंजते. वरून रंग मारला की ते दिसत नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं की आवाजातला फरक कळतो.

टायरकडे नवे की जुने एवढ्याच नजरेने बघू नका. चारही एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत, कारण मापातला फरक म्हणजे फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर सतत ताण. मोठ्या गट्टूंचे मड टायर दिसायला छान असतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि ब्रेक लागायला अंतर जास्त. सिंहगड रोडवर पावसात अचानक ब्रेक दाबायची वेळ रोज येते. काम आणि शहर दोन्ही असेल तर ऑल टेरेन टायर पुरेसे आहेत.

पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाड्या वर्षानुवर्षं बाजारात फिरत राहतात. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि कार्पेटखालचा पत्रा बघा.

कुठली घ्यावी, यावर माझं मत असं. जिप्सी हलकी, अरुंद, दुरुस्तीला सोपी आणि प्रत्येक जिप्सी फोर बाय फोर. पण पेट्रोल खाते, स्प्रिंगच्या पाट्यांमुळे धक्के देते आणि बहुतेकींत एसी नाही. रोज पुण्याच्या रहदारीत बसणाऱ्याने तिचा मोह टाळावा. थारला मागणी एवढी की जुनीचाही भाव उतरत नाही, आणि इथे सावध राहायला हवं. जानेवारी २०२३ पासून थार मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि त्याआधीच्या पिढीतही टू व्हील ड्राइव्ह थार होत्या. स्टिकर कुणीही लावतो, आरसीवरचं मॉडेल वाचा. जिम्नी चार मीटरच्या आत बसते, लो रेंज सगळ्यांत आहे, शहरात ती सर्वांत सोयीची. पण मागे सामानाला जागा कमी. पिकअप हवी असेल तर पिवळ्या पाटीचं पासिंग लक्षात घ्या, गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी करावं लागतं. शहर जास्त, चिखल अधूनमधून आणि सामान बेताचं असेल तर डिझेल डस्टर एडब्ल्यूडी हा माझ्या मते कमी पैशांतला सर्वांत शहाणा सौदा. चालवायला ती कारसारखी आहे. जड सामान आणि उभे उतार असतील तर सफारी स्टॉर्म फोर बाय फोर. मी तीच घेतली. साडेचार मीटरहून लांब असल्यामुळे पेठांत नेता येत नाही. पण तिला नव्या गाड्यांएवढी मागणी नाही, त्यामुळे पैशांच्या मानाने बरंच लोखंड आणि ऐसपैस जागा मिळते. सोसायटीचं पार्किंग आधी टेपने मोजून घ्या, उंचीसकट.

डिझेल घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. रोज ऑफिस ते घर एवढंच अंतर असेल तर तो चोंदत राहतो.

दिल्लीची गाडी स्वस्त असते, कारण तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. ती आणायची तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा एमएच नंबर हे सगळं आलं. आपल्याकडे डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हा हिशेब आधी कागदावर मांडला की स्वस्ताई बरीच आटते. लष्कराच्या लिलावातल्या किंवा बाहेरच्या राज्यात बांधून आणलेल्या उघड्या जीपच्या बाबतीत आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर स्वतः जुळवून बघा. आरसीवर नसलेला बदल कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्यावरच विचारते. कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस हे सगळं गाडीच्या नंबरावरून सरकारी परिवहन अॅपवर दिसतं. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नाव बदलण्याचं काम त्याच आठवड्यात आरटीओत टाका.

विसार देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या. "फोर बाय फोर यंत्रणा, लो रेंजसह, चालू स्थितीत आहे." भागीदाराच्या पावतीवर ती असती तर व्यापाऱ्याशी बोलायला तोंड राहिलं असतं. आणि ठरवलेल्या रकमेतला काही भाग बाजूला काढून ठेवा. पहिल्याच महिन्यात दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसची तेलं, इंजिन ऑइल, कूलंट आणि क्रॉस बदलायला तो लागतोच.

गाडी घरी आली की मग ती वापरा. पावसाळा नसला तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर व्हील लावून थोडं अंतर चालवा, म्हणजे आतलं तेल सगळीकडे फिरतं, यंत्रणा आखडत नाही आणि काही बिघडलं असेल तर ते पावसाच्या आधी कळतं.