‘इट’ म्हणजे नेमकं कोण?

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, पण वह्यांमधल्या नाम-सर्वनामांच्या चुका काही बदलल्या नाहीत. बहुतेक चुकांच्या मुळाशी मराठी असते, आणि शिकवताना आपण नेमकी तीच बाजूला ठेवतो.

1. व्याख्या घोकून घेऊ नका. नाम म्हणजे काय, हे पोरं झोपेतही सांगतात. ‘वॉटर’ हे नाम आहे का, असं विचारलं की सगळे हात वर. मग फळ्यावर ‘वॉटर द प्लांट्स’ लिहायचं. वर्ग गप्प. इंग्रजी शब्दाची जात वाक्यातल्या जागेवरून ठरते, नुसता शब्द बघून नव्हे.

2. मराठीत आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो. म्हणून ‘अ‍ॅडव्हाइसेस’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’ सर्रास दिसतात, मोठ्यांच्या अर्जांतसुद्धा. ‘न्यूज’ला शेवटी एस असून ती एकवचनी, कात्री एकच असून ‘सीझर्स’ मात्र अनेकवचनी. इथे तर्क चालवू नये, शब्द वाक्यासकट पाठ करावेत.

3. खरं घोडं पेंड खातं ते ‘ही’, ‘शी’, ‘इट’पाशी. आपल्याकडे खुर्ची ती, पंखा तो आणि टेबल ते. त्यामुळे खुर्ची मोडली की पोरं बिनधास्त ‘शी इज ब्रोकन’ लिहितात. हे समजावलं की सुधारतं. पण ‘माय ग्रँडफादर इज ओल्ड. दे गेट अप अर्ली,’ असं लिहिणाऱ्या मुलावर मला कधी रागावता आलं नाही. आजोबांना ‘ही’ म्हणणं त्याला अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. त्याला सांगावं, बाबा रे, इंग्रजीत ‘ही’ म्हटल्याने आजोबांचा मान कमी होत नाही. तिथे आदर ‘सर’, ‘प्लीज’, ‘वुड यू’ अशा शब्दांतून येतो. पूर्वी इंग्रजीतही एकट्यासाठी ‘दाऊ’ आणि अनेकांसाठी किंवा मानाने ‘यू’ अशी सोय होती. रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेला आणि सगळ्यांनाच अहो-जाहो सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही.

याच ‘दे’ची दुसरी बाजू. ‘समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला’ या वाक्यावर काही शिक्षक लाल रेघ मारतात. छत्री कुणाची हे ठाऊक नसताना ‘देअर’ वापरण्याची रीत इंग्रजीत कित्येक शतकं जुनी आहे. मेरियम-वेबस्टर कोशाने तर 2019 चा शब्द म्हणून ‘दे’ची निवड केली. तेव्हा रेघ मारू नये.

4. ‘जेवलीस का?’ ‘हो, जेवले.’ यात सर्वनाम कुठेच नाही, क्रियापदानेच सगळं सांगितलं. या सवयीने मुलं ‘इज रेनिंग’ लिहितात. इंग्रजीला कर्ता लागतोच, पावसालासुद्धा. ‘इट इज रेनिंग’मधला ‘इट’ म्हणजे कोण, असं मुलं विचारतात. कोणी नाही, नुसती जागा धरून बसलाय, हे उत्तर त्यांना लगेच पटतं.

5. काही बाबतींत मराठीच श्रीमंत आहे, हेही वर्गात सांगावं. ‘आम्ही जातोय’ आणि ‘आपण जातोय’ यांतला फरक एकट्या ‘वी’ला पेलत नाही. ‘राम गेव्ह श्याम हिज बुक’मध्ये पुस्तक कुणाचं? मराठीत ‘आपलं’ म्हटलं की रामाचं. इंग्रजीत घोळ होत असेल तर सरळ नाव पुन्हा लिहावं.

6. ‘गिव्ह इट टू हर अँड आय’ ही शिकलेल्यांची चूक. ‘हर’ काढून वाक्य म्हणून बघा, कानालाच कळेल.

इंग्रजीच्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांना एकच विनंती: चुकलेल्या वाक्याखाली बरोबर उत्तर लिहून देण्याआधी, तुला मराठीत काय म्हणायचं होतं, एवढं पोराला विचारा.