गांजातून औषध : फीट येणाऱ्या मुलांसाठी काय सिद्ध झाले, काय नाही

मुलाला फीट आली की घरात आणि गल्लीत एकच धावपळ होते. कोणी कांदा फोडून आणतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावायला सांगतो. आता त्यात एका नव्या सल्ल्याची भर पडली आहे. मोबाईलवर व्हिडिओ येतो की परदेशात गांजाच्या तेलाने मुलांच्या फीट थांबतात. तो पाहून शेजारी म्हणतो, "मग आपल्याकडे काय गांजा मिळत नाही? दोन थेंब देऊन बघा."

या गोष्टीत थोडे खरे आहे, आणि तेवढ्यामुळेच आईबाप फसू शकतात. म्हणून हा विषय या वेळी सविस्तर समजून घेऊ.

फीट म्हणजे काय?

मेंदूतील पेशी बारीक विजेच्या लहरींनी एकमेकींना निरोप देतात. या लहरी एकाएकी बेसुमार उसळल्या की शुद्ध हरपते, हातपाय झटके देतात, तोंडाला फेस येतो. असे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले की त्या आजाराला मिरगी किंवा अपस्मार म्हणतात. ही बाधा नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध नियमित मिळाले तर दहापैकी सात रुग्णांच्या फीट थांबू शकतात. ही औषधे नेहमीच्या गोळ्या आणि सिरपच्या रूपात येतात, ती सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहेत.

प्रश्न उरतो तो ज्यांना दोन-तीन औषधे देऊनही फरक पडत नाही अशा मुलांचा. अशा आजारांपैकी एक म्हणजे ड्रावे सिंड्रोम. तो फार कमी मुलांना होतो. बाळ वर्षाचे होण्याआधीच, बहुधा तापात, पहिली फीट येते आणि ती लवकर थांबत नाही. पुढे बोलणे-चालणेही मागे पडते. बहुतेक मुलांत याचे कारण एका जनुकातील दोष असतो. मिरगीच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी या आजारात फीट वाढतात, म्हणून नेमके निदान होणे महत्त्वाचे असते. गांजातून काढलेल्या औषधाचा शोध प्रामुख्याने अशा मुलांसाठी झाला.

शोधाची सुरुवात कलकत्त्यात

डॉ. ओशॉनेसी हे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉक्टर. आपल्याकडे लोक गांजा-भांग औषध म्हणूनही वापरतात हे त्यांनी पाहिले आणि १८३९ साली आपले प्रयोग लिहून प्रसिद्ध केले. त्यात सतत झटके येणाऱ्या ४० दिवसांच्या एका बाळाची हकीकत आहे. गांजाच्या अर्काचे थेंब दिल्यावर ते बाळ सावरले. पण एका बाळावरून हे सिद्ध होत नाही की औषधानेच गुण आला. झटके आपोआपही थांबले असू शकतात.

पुढे १९६० नंतर इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेकोलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडातील घटक वेगळे करून त्यांची रचना शोधली. त्यातले दोन आपण लक्षात ठेवू. पहिला टीएचसी. नशा येते ती याने, आणि वाढत्या मेंदूला धोकाही याचाच. दुसरा कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी. याने नशा येत नाही. पंचशील पाळणाऱ्या घरात "हे औषध म्हणजे नशाच नव्हे का?" असा प्रश्न येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की मुलांसाठी जे औषध तयार झाले ते शुद्ध केलेल्या सीबीडीचे आहे, ते घेऊन मूल नशेत जात नाही.

१९८० साली ब्राझीलमध्ये सीबीडीची एक छोटी चाचणी झाली. सीबीडी मिळालेल्या आठ रुग्णांपैकी चौघांचे झटके जवळजवळ बंद झाले. तरीही बरीच वर्षे हा विषय मागेच पडून राहिला. २०१३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील ड्रावे झालेल्या एका लहान मुलीची हकीकत दूरचित्रवाणीवर आली. सीबीडी जास्त असलेल्या तेलाने तिच्या फीट खूपच कमी झाल्या होत्या. हजारो आईबाप तेच तेल मागू लागले. पण तेही एकाच मुलीचे उदाहरण होते.

खरी कसोटी

यानंतर एका ब्रिटिश कंपनीने शुद्ध सीबीडीचे सिरप बनवले आणि अमेरिका व युरोपातील ड्रावे झालेल्या १२० मुलांवर त्याची चाचणी झाली. तिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे दोन गट केले. नेहमीची औषधे दोन्ही गटांत चालूच ठेवली. एका गटाला सोबत सीबीडीचे सिरप दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले सिरप. कोणाला काय मिळते हे आईबापांना माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. हे १४ आठवडे चालले.

फीटच्या संख्येप्रमाणे मुलांना रांगेत उभे केले तर मधोमध जो येईल त्याचा आकडा पाहू. सीबीडीच्या गटात तो महिन्याला १२.४ फीटवरून ५.९ वर आला. दुसऱ्या गटात तो १४.९ वरून १४.१ झाला, म्हणजे जवळजवळ तेवढाच राहिला. यावरून औषधाचा गुण दिसून आला.

पण आणखी एक आकडा पाहा. सीबीडी घेणाऱ्या दर १०० पैकी ४३ मुलांच्या फीट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या. औषध नसलेले सिरप घेणाऱ्यांतही १०० पैकी २७ मुलांना तेवढाच फरक पडला! याचे कारण असे की मिरगीत चांगले-वाईट दिवस आपोआप येतात, आणि आशेने पाहणाऱ्या आईबापांच्या मोजणीतही फरक पडतो. म्हणून "आमच्या पोराला तेलाने गुण आला" असे कोणी सांगितले तर ती व्यक्ती खोटे बोलत नसते. पण तो गुण तेलाचाच होता हे त्यावरून ठरत नाही. हेच अंगारा-ताइतालाही लागू आहे.

हे औषध जादू नाही हेही याच चाचणीत कळले. झटके पूर्ण थांबले ते १०० पैकी फक्त ५ मुलांचे. काहींना पेंग आली, जुलाब, उलटी, थकवा झाला, भूक मंदावली. काहींच्या यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला. व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असलेल्या मुलांत हा बिघाड जास्त दिसतो. क्लोबाझाम चालू असेल तर पेंग वाढते. म्हणून सीबीडी देताना रक्ततपासणी करत राहावे लागते.

जून २०१८ मध्ये अमेरिकेने 'एपिडायोलेक्स' या नावाने या सिरपला मान्यता दिली. ती सगळ्या मिरगीसाठी नव्हती, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन कठीण आजारांसाठी होती. २०२० मध्ये आणखी एका आजाराची भर पडली. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत सुमारे ३२,५०० डॉलर होती. आपल्या देशात जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत गांजाची नियंत्रित लागवड करून मिरगी, कर्करोग अशा आजारांवरील औषधांचे काम चालू आहे.

मग घरी करून का देऊ नये?

गांजात टीएचसी भरपूर असते. कोणत्या पुडीत किती हे कोणी सांगू शकत नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून देणे तर अशक्यच. ऑनलाइन तेलांचाही भरवसा नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादने तपासली, तेव्हा त्यांतल्या फक्त २६ वरचे प्रमाण बरोबर निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा आहे. "पोराच्या औषधासाठी आणला" असे सांगून सुटका होत नाही.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. नवे तेल मिळाले म्हणून चालू गोळ्या एकदम बंद केल्या तर न थांबणारी फीट येऊ शकते, त्यात जीवही जातो.

लक्षात ठेवा

१. फीट आली की मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.

२. घड्याळ पाहा. ५ मिनिटांत फीट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ वर फोन करा.

३. जमल्यास मोबाईलवर फीटचे चित्रण करा आणि तारीख-वेळ वहीत लिहा. निदानाला याची फार मदत होते.

४. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, मात्राही बदलू नका.

५. दोन औषधे नीट घेऊनही फीट थांबत नसतील तर मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. त्यांना विचारा, "माझ्या मुलाची मिरगी कोणत्या प्रकारची आहे? त्या प्रकारावर सीबीडीचा उपयोग सिद्ध झाला आहे का? चालू औषधांशी त्याचे जमेल का?"

ही माहिती घरात, शेजारी वाचून दाखवा. ज्या घरात फीट येणारे मूल आहे तिथे तर आवर्जून पोहोचवा.