सिकलसेल : वाहक कोण, रुग्ण कोण?

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे महामार्गावर विसरवाडी हे गाव आहे. हा सारा परिसर आदिवासीबहुल आहे. अशा भागातील शाळेत एखादे मूल हातपाय दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहत असेल, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

शरीरभर प्राणवायू पोहोचविणारे रक्तातील प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. जनुकातील एका बदलामुळे सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच एकमेकांस चिकटते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून तीव्र वेदना व रक्तक्षय उद्भवतो. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आदी जमातींत, तसेच विदर्भातील अन्य काही समाजांतही तो आहे.

हा दोष पिढ्यान्‌पिढ्या का टिकला? आई किंवा वडील, यांपैकी एकाकडूनच तो आलेली व्यक्ती ‘वाहक’ होय. अशा व्यक्तीला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते; म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत वाहक अधिक तगले. वाहक हा रुग्ण नव्हे. दोघांकडूनही दोष आला, तरच मूल रुग्ण होते.

पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढील तीन निरोगी होतील, हा समज चुकीचा आहे. याउलट, दोघांपैकी एकच वाहक व दुसरा दोषमुक्त असेल, तर सिकलसेलग्रस्त मूल जन्मत नाही.

म्हणूनच सोयरीक ठरण्यापूर्वी तपासणी हवी. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. वैद्यकीय सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक आम्ल घेतल्यास आणि भरपूर पाणी प्यायल्यास रुग्णाचा त्रास कमी होतो.

मात्र तपासणीचा निष्कर्ष चावडीवरील चर्चेचा विषय होता कामा नये. केवळ वाहक म्हणून एखाद्या मुलीचे लग्न मोडले, तर उद्या गावात तपासणीस कोणी पुढे येणार नाही. हे भान राखण्याची जबाबदारी शिक्षक व पंचायत सदस्यांवर आहे.