ओढ्याचे पाणी आणि अंदाजाचे गणित

(तृतीय वर्ष, सिव्हिल)

'न्यूमेरिकल मेथड्स' हे नाव ऐकले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवते ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची धावपळ. बायसेक्शनचे एक गणित, न्यूटन-रॅफसनचे एक गणित, कॅल्क्युलेटरवर आकडे दाबायचे, चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहायचे आणि मार्क घेऊन सुटायचे. समीकरण आले कुठून आणि उत्तराचे पुढे करायचे काय, हे कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. या लेखात तेच विचारू या. त्यासाठी गणित पुस्तकातले न घेता चांदीपसारख्या गावातल्या ओढ्याचे घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले, त्यामुळे 'आयटरेशन'ला मराठीत काय म्हणतात ते घरी विचारावे लागले. उत्तर मिळाले, 'पुनरावृत्ती म्हण, नाहीतर सरळ फेरी म्हण.' मला 'फेरी' आवडला. म्हणून इथे फेरीच म्हणणार आहे.

प्रश्न काय आहे?

वसई तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस म्हणजे काय, ते हॉस्टेलवर एक पावसाळा काढलेल्याला सांगायला नको. तानसा नदी वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून येते आणि पुढे वैतरणेला मिळते. तिला पूर आला की मेढे-पांढरताऱ्याचा पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आपण अनेक पावसाळ्यांत वाचल्या आहेत. जुलै २०१८ मध्ये तर नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आले आणि गाड्या बंद पडल्या. पाणी येणार हे ठरलेलेच आहे. इंजिनिअरला विचारला जाणारा प्रश्न असतो, 'किती उंचीपर्यंत येणार?'

समजा, एका ओढ्यावर मोरी बांधायची आहे. (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत.) ओढ्याला ज्या भागाचे पाणी येते त्याचे क्षेत्रफळ ०.६ चौरस किलोमीटर, पावसाचा जोर ताशी ६० मिलिमीटर आणि पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा हिस्सा ०.६. रॅशनल फॉर्म्युल्यात या तिघांचा गुणाकार करायचा आणि ३.६ ने भागायचे. उत्तर येते सेकंदाला ६ घनमीटर. इथपर्यंत सोपे आहे.

आता ओढा ३ मीटर रुंद, कडा सरळ, उतार ४०० ला १, आणि तळाच्या खडबडीतपणाचा आकडा ०.०३. हा शेवटचा आकडा आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांच्या १८८९ च्या सूत्रातला. त्या सूत्राने खोली माहीत असेल तर प्रवाह लगेच काढता येतो. आपल्याला मात्र उलटे हवे आहे. प्रवाह माहीत आहे, खोली काढायची आहे. आणि तिथेच गाडी अडते. खोली क्षेत्रफळातही असते आणि ओल्या परिघातही असते, तीही अपूर्णांकी घातांसकट. कितीही बाजू बदलल्या तरी खोली एकटी एका बाजूला येत नाही.

आकडे घालून सोपे रूप दिले की इतकेच उरते (खोलीला 'ख' म्हणू):

ख = ०.७१८९ × (३ + २ख) चा ०.४ वा घात

ख शोधायला ख माहीत असावा लागतो! आता काय करायचे?

देवळालीचे मास्तर

उत्तराकडे जाण्याआधी जरा डहाणूला जाऊन येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. म्हणजे १ ऑगस्ट २०१४ ला झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याचेच. नोकरी नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तराची. कुठल्या मोठ्या संस्थेचा आधार नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच भांडवल. १९४६ मध्ये त्यांना एक गंमत सापडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा.

२६ जुलैच्या प्रलयाचे वर्ष घेऊ, २००५.

५२०० − ००२५ = ५१७५
७५५१ − १५५७ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही फेऱ्या करा, ६१७४ च येते. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच पोचता. जगभर याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. आपल्या भाषेत हा 'फिक्स्ड पॉइंट': फेरीत घातला तरी जो बदलत नाही तो आकडा.

पण हीच रीत दोन अंकी संख्येवर करून बघा. ४५ घेतले तर ०९, मग ८१, ६३, २७ आणि पुन्हा ४५. गोल गोल फिरत राहायचे, मुक्कामाला पोचायचेच नाही. म्हणजे फेऱ्या मारल्या की उत्तर मिळतेच असे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ओढा

आपल्या समीकरणावर तेच करू. एक अंदाज घ्या, उजवीकडे घाला, जे येईल तो नवा अंदाज. १ मीटरपासून सुरू करू:

१.००० → १.३६९ → १.४४६ → १.४६१ → १.४६४ → १.४६५

पाच फेऱ्यांत खोली मिलिमीटरपर्यंत स्थिरावली. नीट पाहिले तर प्रत्येक फेरीत चूक साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. कारण उजव्या बाजूचा उतार, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, उत्तराजवळ सुमारे ०.२ आहे. हा उतार १ पेक्षा कमी असेल तर फेऱ्या उत्तराकडे ओढल्या जातात, जास्त असेल तर दूर फेकल्या जातात.

खोटे वाटत असेल तर तेच समीकरण उलटे मांडा. कंसातला ख बाहेर काढा:

ख = [(ख ÷ ०.७१८९) चा २.५ वा घात − ३] ÷ २

बीजगणित अगदी बरोबर आहे. आता १.५ मीटर घ्या, उत्तरापासून जेमतेम साडेतीन सेंटिमीटर दूर. फेऱ्या येतात १.६४, २.४६, ९.३०! ओढ्यात नऊ मीटर पाणी. बरे, १.४ ने सुरुवात करा. येते १.१५, मग ०.१०, आणि पुढच्या फेरीत खोली उणे. समीकरण तेच, गणित तेच, फक्त मांडणी बदलली. म्हणून व्हायवाला 'कन्व्हर्जन्स का तपासायचा?' असे विचारले की हे उणे पाणी आठवा.

दुसऱ्या दोन वाटा

बायसेक्शन ही भाजीवाल्याच्या तराजूसारखी पद्धत. १ मीटरला पाणी मावत नाही, २ मीटरला मावून जागा उरते. म्हणजे उत्तर मधे कुठेतरी. मधला आकडा तपासा, निम्मा भाग टाकून द्या. सात वेळा केले की १ मीटरचे अंतर सेंटिमीटरपेक्षा कमी होते. सावकाश आहे, पण फसवत नाही.

न्यूटन-रॅफसनमध्ये आपण नुसता अंदाज तपासत नाही, वक्राचा उतार बघून किती पुढे सरकायचे तेही ठरवतो. १ मीटरपासून निघालो तर पहिल्या फेरीत १.४७२ आणि दुसऱ्या फेरीत १.४६५. साध्या फेऱ्यांना पाच लागल्या, इथे दोनच. मात्र उतार शून्याच्या जवळ असेल तर हीच पद्धत भलतीकडे उडी मारते. म्हणून शहाणी माणसे आधी बायसेक्शनने जवळ जातात आणि मग न्यूटनला बोलावतात.

उत्तराचे करायचे काय?

आता खरा मुद्दा. समजा, मोरीच्या स्लॅबची खालची बाजू तळापासून १.५ मीटरवर ठेवली. पाणी १.४६५. 'बसते की!' असे म्हणून सही करायची का?

पाऊस ताशी ६० ऐवजी ७५ मिलिमीटर धरा. खोली होते १.७३ मीटर. पाणी स्लॅबला टेकले.

आता पाऊस ६० च ठेवा, पण ओढ्यात झुडपे, दगड, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या म्हणून खडबडीतपणा ०.०३ चा ०.०४ झाला. खोली होते १.८२ मीटर. म्हणजे २५ टक्के जास्त पावसाने पाणी जितके वाढले, त्याहून जास्त कचऱ्याने वाढवले. मेसच्या मागे आपण जे भिरकावतो ते शेवटी याच आकड्यात जाऊन बसते. मोरीवरून पाणी वाहू लागले की पलीकडच्या पाड्यावरच्या पोरांची शाळा बुडते, आणि कोणी त्या पाण्यातून जायचे धाडस केले तर जीवही जातो.

मोठ्या शहरातही हिशेब असाच चुकतो. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ती ५० पर्यंत वाढवायला सांगितले. ते काम पूर्ण होण्याआधीच २६ जुलै २००५ आला आणि सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी काढली तरी ताशी ३९ येते, आणि पाऊस काही सरासरीने पडत नाही. समीकरण सोडवण्यात चूक नव्हती, आत घातलेला आकडा अपुरा होता.

म्हणून १.४६५१९७ असे उत्तर लिहून खूश होऊ नका. खडबडीतपणाचा आकडा आपण डोळ्यांनी बघून ठरवतो. आतला आकडा अंदाजी असेल तर बाहेरच्या सहा दशांश स्थळांना काही अर्थ नाही. शिवाय खाली भरतीचे किंवा नदीचे पाणी तुंबले असेल तर मॅनिंगचे हे साधे सूत्र पुरत नाही. मग ओढ्याचे तुकडे पाडून एकेका तुकड्याचा हिशेब करावा लागतो.

तुकडे पाडायची हीच युक्ती हवामानात वापरतात. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी आकाशाचे चौकोन पाडून हवामानाचा अंदाज हाताने मांडला आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सहा तासांचा तो अंदाज साफ चुकला, पण रीत टिकली. आज पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत २०२४ पासून 'अर्क' हा महासंगणक तेच काम करतो. भारताच्या हवामान मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, २०२५ मध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. चौकोन लहान झाला की एखाद्या तालुक्याचा पाऊस वेगळा दिसू लागतो, आणि आपल्या मोरीच्या गणितात घालायला जरा बरा आकडा मिळतो.

करून पाहा

१. पाऊस ७५ आणि खडबडीतपणा ०.०४, दोन्ही एकदम. ०.७१८९ च्या जागी ०.९७६७ घाला. (उत्तर: २.१७ मीटर)

२. आकडे मूळचेच, पण ओढा ४ मीटर रुंद केला. ०.७१८९ च्या जागी ०.५३९२ आणि कंसात ३ च्या जागी ४. (उत्तर: १.१२ मीटर)

३. हा प्रश्न उत्तराशिवाय. मोरी उंच करावी, ओढा रुंद करावा की दर मे महिन्यात साफ करावा? खर्च, जागा आणि धोका तिन्हींचा विचार करून ठरवा.

पहिल्या दोन प्रश्नांना साधा कॅल्क्युलेटर पुरतो. तिसऱ्यासाठी मात्र चपला घालून ओढ्यापर्यंत जाऊन यावे लागेल. पावसाळ्याआधी गेलात तर उत्तम.