भंगारातले शिसे : काय वापरावे, काय टाळावे?

घरच्या घरी छोटी प्रयोगशाळा उभारणाऱ्याला भंगार म्हणजे खजिनाच! जुना रेडिओ, बंद पडलेली मोटारीची बॅटरी, मासे पकडण्याच्या फाटक्या जाळ्याची वजने, चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेले धातूचे तुकडे, छापखान्यातले जुने खिळे, या सर्वांत एक धातू हमखास सापडतो. तो म्हणजे शिसे. (शिसपेन्सिलीत मात्र ते नसते. तिच्यात असतात ग्रॅफाइट आणि माती.)

शिसे जड आहे, मऊ आहे, गंजून लवकर नष्ट होत नाही आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे कथिलाशी मिश्रण केले की द्रवणांक आणखी उतरतो. सुमारे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांनाच वितळते. इतक्या गुणी धातूला मग घाबरायचे कशाला?

एका कणाचे गणित

शिसे शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत वाईट होतो. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून आले हे शोधून थांबवावे, असा तिचा सल्ला आहे. जगात सुमारे ८० कोटी मुले या मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे असावीत, असा अंदाज युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केला.

आता हिशेब करू. तुमच्या २० किलो वजनाच्या धाकट्या भावाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. ५ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने त्यात शिसे होईल ७५ मायक्रोग्रॅम. शिशाची घनता ११.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. म्हणजे एवढ्या शिशाचा घन केला, तर त्याची बाजू ०.२ मिलिमीटरही भरणार नाही! गिळलेले सारे शिसे रक्तात उतरत नाही हे खरे. पण शिशावर कानस फिरवली की असे कितीतरी कण जमिनीवर पडतात, आणि रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिशाचा अखंड तुकडा हा मोठा शत्रू नव्हे. शत्रू आहे ती त्याची धूळ.

काय करू नये

१. घरी शिसे वितळवू नका. वितळलेल्या शिशावर ऑक्साइडची मळी धरते. ती काढताना तिची भुकटी उडते, आणि तापमान वाढेल तशी शिशाची वाफही वाढते. त्यात पाण्याचा थेंब पडला, तर त्याची वाफ होऊन आकारमान सुमारे १७०० पट होते आणि तप्त धातू अंगावर उडतो.

२. बॅटरी फोडू नका. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असते आणि पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा भुकटीसारखा थर असतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. ती परत गोळा करण्याची जबाबदारी भारतात २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

३. शिशाला कानस, करवत किंवा पॉलिश कागद लावू नका. जुन्या दारे-खिडक्यांचा रंगही घासू नका. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नसावे, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते बरेच असू शकते.

४. स्वयंपाकाचे गळके भांडे शिसे असलेल्या सोल्डरने सांधू नका. चिंच आणि आमसुलाची आंबटी शिसे विरघळवते. भांड्याला कल्हई करायची तर ती शुद्ध कथिलाचीच हवी.

काय करता येईल

जुन्या रेडिओतील सुटे भाग सोल्डर वितळवून काढता येतात. सोल्डरिंगची इस्त्री साधारण ३५० अंशांवर असते. त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. नाकाला झोंबणारा धूर असतो राळेचा. म्हणून खिडकी उघडी ठेवा. खरा धोका हातांचा आहे. काम चालू असताना खाऊ नका, सोल्डरची तार दातांत धरू नका, आणि काम संपताच साबणाने हात धुवा.

जाळ्याची किंवा चाकाची वजने अखंड असतील, तर ती दिव्याच्या बैठकीत भार म्हणून चालतात. आधी ते शिसेच आहे का ते पाहा. चुंबकाला चिकटले तर लोखंड. न चिकटले तर आर्किमिडीजची मदत घ्या. तुकडा दोऱ्याने स्प्रिंग-काट्याला टांगा. हवेत वजन १७० ग्रॅम आणि पाण्यात पूर्ण बुडवल्यावर १५५ ग्रॅम भरले, असे समजा. घट १५ ग्रॅम, म्हणून आकारमान १५ घन सेंटीमीटर आणि घनता १७० ÷ १५ = ११.३. हे शिसे! उत्तर ७.१ च्या आसपास आले असते, तर तुकडा जस्ताचा ठरला असता. प्रयोगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

ओळख पटली की तुकडा ओल्या फडक्याने पुसा, त्यावर व्हार्निशचे दोन हात द्या, वरून जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि ‘शिसे’ असे ठळक लिहा. तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही, अशा जागी बसवा.

शिक्षकांसाठी

शाळेच्या कार्यशाळेत सोल्डरिंगचे टेबल वेगळे ठेवावे. ते झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तेथे वापरलेला सदरा घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. सोल्डरचे थेंब आणि तुकडे झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, त्याचा गुण कमी होत नाही. मात्र ते काम धूर आणि धूळ अडवणाऱ्या गाळण्या असलेल्या कारखान्याचे आहे, आपल्या अंगणाचे नव्हे.