ओटीपी म्हणजे आजचा अंगठा



बारामती आणि इंदापूर हे आपले उसाचे तालुके. नीरेच्या डाव्या कालव्याने येथे ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. आता उसाचे बिल थेट बँकेत जमा होते. मग पारावर कोणी विचारतो, "या पैशावर इन्कमटॅक्स भरायचा का हो?"

नाही. आपल्या शेतातल्या पिकाच्या उत्पन्नावर आयकर नाही. ही सूट 1886 च्या कायद्यापासून चालत आली आहे.

पण तेच पैसे बँकेत मुदतीने ठेवले, तर? ऊस रानात पिकला, व्याज बँकेत पिकले. व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे. त्याला आयकराचा कायदा लागतो.

समजा, एका शेतकऱ्याचे वय साठच्या आत आहे. त्याला ठेवीवर वर्षाला 60,000 रुपये व्याज मिळाले. व्याज 50,000 च्या वर गेले, की बँक शेकडा 10 प्रमाणे कर कापते. म्हणजे 6,000 रुपये कापले गेले. शेती सोडून त्याचे दुसरे काही उत्पन्न नाही. एवढ्या व्याजावर त्याला कर बसतच नाही. मग हे 6,000 कोणाचे? त्याचेच. पण मागितल्याशिवाय ते परत मिळत नाहीत.

मागायचे कसे? आयकराचे विवरणपत्र भरून. ते घरबसल्या संगणकावर भरता येते. नाहीतर गावच्या सेवा केंद्रात जावे. पॅन, आधार आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे. आयकर खात्याच्या संकेतस्थळाचे नाव 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असे आहे. नाव नीट वाचून घ्यावे. तेथे आपल्या नावावर किती कर कापला, त्याचा उतारा मिळतो. जमिनीचा जसा सातबारा, तसा कराचा हा उतारा. तो आधी पाहावा.

फॉर्म पुष्कळ आहेत. 'सहज' हा सर्वांत सोपा. पण शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल, तर तो चालत नाही. "शेतीचं लिहू नका, काम लवकर होईल," असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका. कर नसला, तरी शेतीचे उत्पन्न लिहावे लागते.

साधारणपणे 31 जुलैपर्यंत विवरणपत्र भरायचे असते. 2025 साली ही मुदत सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. कधी कर भरणे निघालेच, तर तोही त्याच संकेतस्थळावरून भरता येतो. पैसे सरकारी खात्यात जातात व चलनाची पावती मिळते. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये.

विवरणपत्र पाठवले, की काम संपले का? नाही. तीस दिवसांच्या आत ते आपलेच आहे अशी खात्री द्यावी लागते. त्यासाठी मोबाइलवर आकडे येतात. त्यांना ओटीपी म्हणतात. ते आकडे दिले, म्हणजे सही झाली.

येथेच सांभाळायचे. पूर्वी सावकाराने कागद पुढे केला, की आपले वाडवडील न वाचता अंगठा उठवीत. त्यापायी कित्येकांच्या जमिनी गेल्या. ओटीपी हा आजचा अंगठा आहे. "जास्त पैसे परत मिळवून देतो," असे सांगून कोणी फॉर्मात खोटा खर्च, खोटी देणगी लिहितात. पुढे नोटीस येते ती आपल्या नावावर. दंडही आपल्यालाच.

म्हणून आधी फॉर्म वाचावा. नाव, बँक खाते, व्याज, कापलेला कर हे सारे ताडून पाहावे. मगच ओटीपी द्यावा. फोनवरून कोणी मागितला, तर मुळीच देऊ नये. आयकर खाते फोनवर ओटीपी विचारत नाही.

आपण वाचायला शिकलो, ते यासाठीच.

प्रश्न
1. ठेवीचे व्याज शेतीचे उत्पन्न का नाही?
2. ओटीपी देण्याआधी काय काय वाचाल?
3. आपले पासबुक काढा. गेल्या वर्षी व्याज किती मिळाले, ते वहीत लिहा.